गळलेला महाप्राण

प्रिय नाना,

तुम्ही असतात तर या पहिल्याच शब्दावर बोट ठेवलं असतंत. आठ वर्षांत मी तुम्हाला एकदाही 'प्रिय' लिहिलं नाही. 'वेदशास्त्रसंपन्न', 'पंडितप्रवर' अशी तोरणं बांधत अर्धं पान भरायचो, आणि तुमचं उत्तर यायचं, 'मास्तर, पत्र पोचलं. मजकूर दुसऱ्या पानावर सापडला.' आता तुमच्याकडून उत्तर यायचं नाही, म्हणून हा धीर. भित्र्या माणसाला धीर येतो तो असा, दार बंद झाल्यावर.

तुमच्या चिरंजीवांचं, भाऊंचं कार्ड आलं त्यात दोनच शब्द होते : 'नाना गेले.' मुलांना व्याकरण शिकवण्यात केस पांढरे केलेला मी. रडू यायच्या आधी माझ्या लक्षात काय यावं? की या दोन शब्दांत एकही महाप्राण नाही! ख नाही, घ नाही, भ नाही. जोरानं श्वास सोडावा लागेल असं एकही अक्षर नाही. किती हलकेच उच्चारता येतात हो ते! मग मात्र चष्मा काढून ठेवावा लागला.

त्याला आज एकवीस दिवस झाले. आजच लिहायला का बसलो? कारण टेबलावर पडलंय. भाऊंनी पुण्याहून प्रुफांचं बाड पाठवलंय. आपल्या त्या अतिथिधर्माच्या पोथीची दुसरी आवृत्ती निघते आहे. सोबत चिठ्ठी : 'प्रुफं सोलापूरच्या मास्तरांनीच पाहावीत, असं नाना शेवटच्या आठवड्यात दोनदा म्हणाले. पहिल्या आवृत्तीतलं शुद्धिपत्र आता नको. मूळ शब्दच दुरुस्त करून टाका, म्हणजे प्रश्न मिटला.'

प्रश्न मिटला! एका 'प'चा 'फ' करायचा, शुद्धिपत्राचं पान काढून टाकायचं आणि बुधवारच्या टपालानं बाड रवाना करायचं. कुणाचंच नाव येत नाही, कुणाचाच दोष राहत नाही. दोन दिवस मी लाल शाईची दौत उघडतो आहे आणि मिटतो आहे.

सौ. आत्ताच डोकावून गेली. म्हणाली, "नानांना पत्र? पाकिटावर पत्ता काय घालणार?" मी म्हटलं, "पत्ता चुकला तर परत येईल, एवढंच." तिला ही हकिगत ठाऊक नाही. तुमच्याशिवाय ती कुणालाच ठाऊक नाही, अशा समजुतीत मी गेल्या रविवारपर्यंत होतो. खरं तर तुम्हालाही ठाऊक नाही, असंच स्वतःला पढवत होतो.

तुमचं ते बोलावणं आठवतं? 'अक्कलकोटच्या पलीकडे एका मठात तालपत्रांवर आपली पोथी आहे, कानडी लिपीतली. नाताळच्या सुट्टीत दहा दिवस बसून आपल्या प्रतीशी ताडून पाहू. तुम्ही सोलापूरचे, कानडी वाचता येत असेलच.' मी उलट टपाली लिहिलं, 'येते.' बोलता येत होतं ते मंगळवारच्या बाजारात वांग्यांचा भाव करण्यापुरतं. अक्षर एक ओळखत नव्हतो! पण पुण्याचे एवढे मोठे शास्त्री आपणहून विचारतात, आणि संस्कृताच्या मास्तरानं एका लिपीपायी नाही म्हणायचं?

येताना नवी पगडी आणली होती. तुमच्यावर आणि प्रोफेसर अण्णारावांवर रचलेले सहा श्लोक पाठ करून आलो होतो. तीस वर्षं कॉलेजात शिकवलेले अण्णाराव, आणि तुम्ही तर तुम्हीच. बैलगाडीतून उतरलो तर दोघे थोर पुरुष मठाच्या ओसरीवर घोंगडीवर मांडी घालून शेंगा फोडत बसलेले. अण्णारावांनी कानाला मफलर गुंडाळला होता आणि कोटाच्या खिशात टरफलं भरली होती. तुम्ही सरकून जागा केलीत. "या मास्तर. चांगल्या बघून घ्या, अण्णाराव खवट तेवढ्या दुसऱ्याला देतात." सहाच्या सहा श्लोक घशात राहिले. नाना, अजून तिथेच आहेत.

मोठी माणसं अशी असतात, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं! मी पाहिलेली मोठी माणसं म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. इथे अण्णाराव पहाटे उठून सगळ्यांसाठी बंब पेटवत होते, आणि एखादा समास अडला की सरळ माझ्याकडे येऊन विचारत होते, "मास्तर, हे काही मला लागेना. तुम्ही कसा सोडवाल?" मला वाटायचं, परीक्षा घेताहेत. तिसऱ्या दिवशी कळलं की त्यांना खरोखरच लागत नव्हतं.

आणि तुम्ही! पहिल्याच सकाळी तुम्ही पाटी मागवलीत. साठी उलटलेले शास्त्री पाटी-पेन्सिल घेऊन चनबसप्पांपुढे बसले. चनबसप्पा त्याच गावचे भुसार व्यापारी. आधीच्या स्वामींकडून ती जुनी अक्षरं शिकलेला एवढा एकच माणूस उरला होता. दुकान भावावर सोपवून ते आपल्यासाठी दहा दिवस येऊन बसले.

"चनबसप्पा, हे 'प' आणि 'फ' मला सारखेच दिसतात हो," तुम्ही म्हणालात.

"सारकेच हाईत की, नाना. 'फ'च्या पोटाकाली येक बारीक दांडी असतीया. ती दिसली तर 'फ'. न्हाय दिसली तर चष्मा पुसायचा."

तुम्ही असे हसलात, की पाटीवरची अक्षरं बाहीनं पुसली गेली. माझ्याकडे पाहून म्हणालात, "मास्तर, तुम्हाला हे येतं. तुमचं बरं आहे." मी पगडी सारखी केली. त्या क्षणी पाटी मागितली असती तर? एका पाटीचा तर प्रश्न होता!

तुमचा आणखी एक कायदा होता. दिवसभरातली आपली चूक जो आपणहून सांगेल, त्याला तव्यावरची पहिली भाकरी. मठाच्या चुलीवरची ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर दही. त्या भाकरीसाठी तुम्ही आणि अण्णाराव अक्षरशः भांडत होतात. "आज माझी चूक मोठी!" "छे, तुमची कसली? मी तर अख्खी ओळ गाळली!" तुमची चढाओढ बघून मठातली म्हातारी गंगव्वा पदर तोंडाला लावून हसायची. दहा दिवसांत पहिली भाकरी न मिळालेला मी एकटा. मला ती माझी हुशारी वाटत होती.

कामाची रीत तुम्हीच बसवली होती. चनबसप्पा पान धरून मोठ्यानं वाचणार. तुम्ही आणि अण्णाराव नागरी प्रत समोर ठेवून ऐकणार. फरक आला की तो मी टिपणार, आणि टिपण्याआधी पानावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार. चनबसप्पांचं वाचन मोठं गोड, पण बोलताना जे गळायचं तेच वाचतानाही गळायचं. 'धर्म'चा 'दर्म', 'भक्त'चा 'बक्त'. मी चेष्टा करायचो, "चनबसप्पा, महाप्राणाचा तेवढा श्वास सोडा की! देवानं फुकट दिलाय."

"दम दुकानात लागतोय मास्तर," ते म्हणायचे, "हितं कशाला गालवू?"

गळलेले महाप्राण मी मनातल्या मनात जागच्या जागी बसवत होतो. त्यासाठी पान बघायची मला गरजच वाटत नव्हती, आणि बघून कळणारही नव्हतं. पण डोकं मात्र दर वेळी पानावर वाकवत होतो. नाटकात काम केलं नाही कधी, तेवढी हौस तिथे भागवली.

सातव्या दिवशी ती ओळ आली. घरी आलेल्या मुनींचा सत्कार कसा करावा, याची. आपल्या प्रतीत 'फलाशिनः', फळं खाणारे. चनबसप्पा वाचून गेले, 'पलाशिनः'. आणि 'पल' म्हणजे मांस!

नाना, सहा दिवसांत शेकडो 'फ' आणि 'भ' मी निमूटपणे दुरुस्त केले होते. हा एक का केला नाही? कारण तोपर्यंत तुमच्या नावावर नऊ महत्त्वाचे पाठभेद जमा झाले होते, अण्णारावांच्या नावावर पाच, आणि माझ्या नावावर एक पगडी. या एका अक्षरानं मुनी मांसाहारी होत होते. केवढा शोध! मी लेखणी वर धरली आणि म्हणालो, "इथे पाठभेद आहे."

तुम्ही सावकाश चष्मा काढलात. "मास्तर, हा 'प' चनबसप्पांचा की पानाचा?"

"पानाचा."

"डोळ्यांनी पाहिलात?"

"पाहिला."

"मग मोठाच मासा लागला की तुमच्या गळाला!" असं म्हणून तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. अण्णाराव तर उठून उभे राहिले. दोघांच्या चेहऱ्यावर इतका निखळ आनंद मी माझ्या स्वतःच्या लग्नातही कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. तुम्ही पुन्हा पान मागवलं नाहीत. पाटीवर शिकलेला विद्यार्थी आपण, आणि मास्तरांना तर येतं, असंच म्हणाला असाल मनात. तुमच्या विश्वासाचा एवढा राग मला कधीच आला नव्हता, नंतर जेवढा आला.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण मला लिहायला हवं. पुस्तक निघालं. त्या एका शब्दावर तुम्ही दोन पानांची टीप लिहिली होतीत आणि शोधाचं श्रेय मला दिलं होतंत. त्यातला मांसाचा भाग वर्तमानपत्रांनी उचलला, श्रेयाचा नाही. 'ऋषींच्या पानात मांस वाढणारे शास्त्रीबोवा'! तुमच्या दारावरून जाताना ओळखीची माणसं मान फिरवू लागली, असं भाऊंनी नंतर सांगितलं. इथे आमच्या वाचनालयात एक वकील म्हणाले, "वाण्याच्या तोंडून संस्कृत ऐकलं की असंच व्हायचं." सगळे हसले. नाना, मीही हसलो. मोठ्यानं नाही. पण हसलो.

मग ते गुलाबी कागदाचं शुद्धिपत्र आलं : 'मूळ तालपत्रावर फलाशिनः असाच पाठ आहे. पलाशिनः हा संपादकाच्या कानाचा दोष. वाचणाऱ्याशी अगर टिपणाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही.' मला आधी काय वाटलं सांगू? सुटलो, असं वाटलं. लाज वाटायला संध्याकाळ व्हावी लागली.

कानाचा दोष! ज्या मोठ्या ग्रंथाचं काम तुमच्याकडे यायचं ठरत होतं, ज्याच्यासाठी तुम्ही तरुणपणापासून टिपणं जमवली होतीत, ते दुसऱ्याकडे गेलं. शास्त्रीबोवांना हल्ली ऐकू येत नाही, असं कारण झालं. ती टिपणं कुठे आहेत हो आता? माळ्यावर?

दोन वर्षांपूर्वी मी पुण्याला आलो होतो तो सगळं सांगायला आलो होतो. गाडीत वाक्यंही जुळवली होती. तुम्ही झोपाळ्यावर बसला होतात. आणि मी काय केलं? दारातून मोठ्यानं ओरडलो, "नाना, कसे आहात?" बहिऱ्या माणसाशी बोलतात तसा. तुमच्या कानाला काहीसुद्धा झालेलं नाही, हे जगात ज्याला पक्कं माहीत होतं, तो मी! तुम्ही झोपाळा थांबवलात. म्हणालात, "मास्तर, हळू बोला. मी ऐकतोय."

आणि थांबलात. बराच वेळ थांबलात. चहा निवला तरी थांबलात.

मी सोलापूरच्या उन्हाळ्याबद्दल बोललो. यंदा विहिरी लवकर आटल्या, असं काहीतरी. तुम्ही विहिरींची चौकशी केलीत, अगदी मनापासून. निघताना दारापर्यंत आलात, माझी छत्री विसरली होती ती आणून दिलीत. तुम्ही ऐकत होतात आणि मी बोललो नाही. मग दोष कानाचा होता की तोंडाचा, हे वैयाकरणानं सांगायला हवं का?

गेल्या रविवारी मी मठाच्या गावी गेलो. तुम्ही गेल्याचं चनबसप्पांना कुणीतरी सांगायला हवं होतं. दुकानात पोत्यावर बसले होते. आता फार थकलेत.

"नाना ग्येले?" म्हणाले, आणि हातातला मापाचा शेर खाली ठेवला. मग बराच वेळ ज्वारीच्या राशीत बोटं फिरवत राहिले. "लई देवमानूस हो. मला 'गुरुजी' म्हनायचे. मला! आन् कागुद पाटवायचे त्ये कानडीत. अक्षर लेकराचं, पर कानडीत."

मी विचारलं, "मठात वाचन चालू आहे का तुमचं?"

"न्हाय. त्या बोबाट्यानंतर कदी पान हाती दरलं न्हाय. लोक म्हनले, ह्येच्या तोंडानं नास जाला. म्हटलं असंल बाबा, आपली जीबच जड."

मग मी सांगितलं. तुम्हाला सांगायचं होतं ते, तसंच, मापांच्या आणि पोत्यांच्या मध्ये उभं राहून सांगितलं. मला कानडी अक्षर येत नव्हतं. पान मी पाहिलं नव्हतं. खोटं बोललो होतो. वाटलं, आता उठून बाहेर काढतील. त्यांनी नुसतं वर पाहिलं.

"माईत हाय की, मास्तर. पानावर दांडी व्हती."

"म्हणजे? तुम्हाला त्याच दिवशी...?"

"मग? मी काय आंदळा व्हतो?"

"मग बोलला का नाहीत तेव्हा?"

"तुमी काय ताडत व्हता, काय लिवत व्हता, मला काय माईत? तुमी म्हनला, वाचा. मी वाचलं. पानावर काय लिवलंय त्ये मला कुनी इचारलं?"

नाना, पंचवीस वर्षं मी वर्गात प्रश्न विचारतो आहे. हा एक विचारायचा राहिला होता.

त्यांनीच पुढे सांगितलं. बोभाटा झाल्यावर तुम्ही एकटेच तिथे आला होतात. भिंग लावून ते पान पाहिलंत, दांडीवर बोट ठेवलंत, आणि चनबसप्पांना विचारलंत, "गुरुजी, काय लिहिलंय?" ते म्हणाले, "दांडीचा फ." तुम्ही भिंग पुसून डबीत ठेवलंत आणि म्हणालात, "हे आपल्या दोघांत राहू द्या. मास्तरांना अजून बरीच वर्षं मुलांपुढे उभं राहायचंय."

हे तुम्ही बरं केलं नाहीत, नाना! आज भांडायचं आहे ते यासाठी. तुम्ही रागावायला हवं होतंत. चारचौघांत कान धरायला हवा होतात. मी मुलांपुढे उभा राहिलो, हेडमास्तर झालो, सत्कारात शालही घेतली. आणि तुम्ही माझी चूक आपल्या कानात घेऊन झोपाळ्यावर बसून राहिलात. मला वाचवलंत म्हणता? आणि चनबसप्पांची जीभ? शुद्धिपत्रात तुम्ही त्यांनाही वगळलंत, पण लोक शुद्धिपत्रं वाचत नाहीत. लोक हसतात, आणि ते लक्षात ठेवतात. दयाळू माणसाच्या हातूनही अशी एक ओळ गळते, हे तुमच्यासारख्या संपादकाला कुणी सांगायचं? मी सांगतो आहे. उशिरा, पण सांगतो आहे.

आणि जाताजाता प्रुफं माझ्याकडे पाठवायला सांगितलंत. दोनदा सांगितलंत म्हणे. तेव्हाही तुम्ही ऐकतच होतात, होय ना?

हे पत्र लिहिता लिहिता मधे थांबून मी लाल शाईनं एक काम उरकलं. 'प'चा 'फ' केला. शुद्धिपत्र काढलं नाही, बदललं. आता ते असं आहे :

'पहिल्या आवृत्तीतला पलाशिनः हा पाठ कोणत्याही तालपत्रावर नाही. वाचणाऱ्यास मूळ अक्षर बरोबर दिसले होते. त्यास कोणी विचारले नाही. संपादकांचा कान शेवटपर्यंत उत्तम होता. टिपणाऱ्याने कानडी लिपी येत नसता येते म्हणून सांगितले, व पान न पाहता पाहिले म्हणून सांगितले. दोष सर्वस्वी त्याचा. सदाशिव विनायक, हेडमास्तर, सोलापूर.'

वाचनालयातले ते वकील हल्ली आमच्या शाळेच्या कमिटीवर आहेत. 'हेडमास्तर' हा शब्द तिसऱ्या आवृत्तीत ठेवावा लागेल की नाही, ते सांगता येत नाही. सौ.ला आज जेवताना सांगणार आहे. ती काय म्हणेल याची मला कमिटीपेक्षा जास्त भीती आहे.

एवढं वचन देतो. बाड बुधवारी जाईल. भाऊ लिहितील, 'मास्तर, आता कशाला हे?' तरी त्यातलं एक अक्षर बदलू देणार नाही. पुस्तक हातात आलं की पहिली प्रत घेऊन चनबसप्पांच्या दुकानात जाईन, ते शुद्धिपत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवीन, गिऱ्हाईक असलं तरी वाचीन. मग ते येत असतील तर त्यांना मठात घेऊन जाईन. पान त्यांच्या हातात देईन, त्यांच्यासमोर खाली बसेन, आणि 'वाचा' म्हणणार नाही. काय लिहिलंय, ते विचारीन.

पाठीवरच्या तुमच्या हाताला न शोभलेला,
सदाशिव